लहान संगणक : काय मिळते, काय सोडावे लागते
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या समारंभात कोणी स्वागतगीत म्हटले, कोणी वर्षाचा अहवाल वाचला, मुलींनी गोफ विणून दाखवला. माझ्या वाट्याला मात्र जरा रुक्ष विषय आला आहे. मंडळाचा जुना संगणक आता बदलावा लागणार. त्याच्या जागी तळहाताएवढा, कमी विजेवर चालणारा लहान संगणक घ्यावा, की पूर्वीसारखाच मोठा उभा खोका घ्यावा, याचा निर्णय पुढच्या महिन्याच्या सर्वसाधारण सभेत आपण सर्वांनी हात वर करून करायचा आहे. हात वर करण्यापूर्वी विषय नीट कळावा, म्हणून अक्कांनी मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. पण गेली सहा वर्षे बचत गटाचा हिशेब आणि शेंगाचटणीच्या मागण्या मी त्या टेबलापाशी बसूनच लिहिते. ज्या यंत्रापुढे रोज बसायचे त्याचे गुणदोष पाहायला पदवी लागत नाही.

प्रथम हे सांगते की, यात पणाला काय लागले आहे. पैसा आपला आहे, आणि तो दिवाळीत कडक भाकऱ्या थापून आणि चटणी कुटून जमवलेला आहे, हे तर तुम्ही जाणताच. पण त्याहून मोठी गोष्ट निराळी आहे. बचत गटाचा हप्ता भरायला ज्या भगिनी येतात, त्यांपैकी निम्म्याहून अधिक विड्या वळणाऱ्या आहेत. त्यांची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. त्या इथे येऊन बसल्या आणि तेवढ्यात वीज गेली, संगणक बंद पडला, की एक तर तासभर ताटकळायचे किंवा पुन्हा दुसऱ्या दिवशी यायचे. त्या तासाच्या विड्या कोण भरून देणार? आपल्या यंत्राचा खोळंबा त्यांच्या मजुरीतून वजा होतो. म्हणून यंत्र कोणते घ्यावे, हा प्रश्न केवळ टेबलाच्या शोभेचा नाही.

जुना संगणक का बदलायचा, असे काही जणींनी विचारले. तो अजून चालतो, हे खरे. पण त्यातली विंडोज १० ही प्रणाली जिने बनवली त्या कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा नित्याचा सांभाळ थांबवला. पुढची विंडोज ११ आपल्या खोक्यावर चढत नाही, कारण तिला नव्या पिढीचा प्रोसेसर आणि सुरक्षेची एक विशेष सोय लागते आणि आपल्या खोक्यात ती नाही. चाळीस बायकांच्या पैशांचा हिशेब आणि आधार क्रमांक ज्यात आहेत, ते यंत्र असे उघड्या दाराने इंटरनेटला जोडून ठेवणे बरे नव्हे. एवढ्यासाठी बदल हवा.

आता लहान संगणक म्हणजे काय ते पाहू. मोठ्या खोक्यात जे असते तेच थोड्या जागेत बसवलेले असते. पडदा, कळफलक आणि माऊस पूर्वीसारखेच वेगळे. डबा मात्र मसाल्याच्या डब्याहून लहान. पडद्याच्या पाठीला चार स्क्रूंनी तो अडकवताही येतो. अशी यंत्रे काल-परवाची नाहीत. २००१ साली तैवानच्या व्हीआयए कंपनीने १७ सेंटिमीटर लांब आणि तेवढीच रुंद अशी मुख्य पाटी पुढे आणली, आणि लहान संगणक बांधणाऱ्यांना एक ठरलेले माप मिळाले. २००५ साली ॲपल कंपनीचा मॅक मिनी आला. साडेसोळा सेंटिमीटरचा चौरस, उंची पाच सेंटिमीटर. पडदा, कळफलक, माऊस तुमचा तुम्ही आणा, असे सांगूनच तो विकला जाई.

२००८ सालची एक गोष्ट मला फार बोधप्रद वाटते. इंटेल कंपनीने ॲटम नावाचा अगदी मिताहारी प्रोसेसर काढला. मेजावरच्या संगणकासाठी जो ॲटम होता, त्याची मर्यादा अवघी ४ वॅटची. पण त्याच्या शेजारी जी सहायक चिप बसवली होती ती जुन्या घडणीची, आणि तिची मर्यादा २२ वॅटच्या आसपास. त्या पाटीवर प्रोसेसरच्या डोक्यावर नुसता धातूचा थंडगार ठोकळा होता आणि पंखा लावावा लागला तो त्या सहायक चिपला! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो असा. तेव्हापासून एक धडा घ्यावा. दुकानदार जेव्हा ‘हा सहा वॅटचा संगणक आहे’ असे म्हणतो, तेव्हा तो आकडा एका चिपचा असतो, सबंध डब्याचा नसतो. हल्लीच्या लहान डब्यांत पुष्कळदा इंटेलचा एन-१०० हा २०२३ साली आलेला प्रोसेसर असतो. त्याच्यावरही ६ वॅट लिहिलेले असतात. परंतु डबा बनवणारे त्याला कामाच्या वेळी त्याहून जास्त वीज घेऊ देतात, आणि रॅम, एसएसडी, पंखा, अडॅप्टर यांचे खाणे वेगळेच.

म्हणून मी छापील आकड्यावर न जाता मोजून पाहिले. माझ्या धाकट्या जावेच्या मुलाने आपला लहान डबा मला पंधरा दिवस वापरायला दिला आणि प्लगमध्ये लावून वॅट मोजण्याचे मीटरही दिले. आपला मोठा खोका नुसता चालू असताना ७० वॅट घेतो आणि काम करताना ९० च्या पुढे जातो. सरासरी ८० धरू. लहान डबा नुसता चालू असताना ८ वॅट घेतो आणि कामात २० पर्यंत चढतो. सरासरी १२ धरू. पडद्याचे २० वॅट दोघांनाही सारखेच, ते बाजूला ठेवू.

आपला संगणक दिवसाला पाच तास आणि महिन्याला पंचवीस दिवस चालतो. म्हणजे १२५ तास. मोठ्या खोक्याला महिन्याला १० युनिट लागतात आणि लहान डब्याला दीड युनिट. साडेआठ युनिट वाचले. हिशेब सोपा व्हावा म्हणून युनिटला दहा रुपये धरले, तर महिन्याला ८५ रुपये आणि वर्षाला १,०२० रुपये वाचतात. मला ज्या डब्याची किंमत सांगण्यात आली ती १८,००० रुपये. नुसत्या विजेच्या बचतीतून ते वसूल व्हायला साडेसतरा वर्षे लागतील! तोवर डबाही राहणार नाही आणि त्या टेबलापाशी मीही बसलेली असणार नाही. तेव्हा भगिनींनो, ‘विजेचे बिल वाचेल’ एवढ्याच कारणासाठी कोणी चालता संगणक काढून नवा लहान घेत असेल, तर तिला मी हा हिशेब दाखवीन.

हाच हिशेब रात्रंदिवस चालू राहणाऱ्या यंत्राला लावला, तर उत्तर फिरते. कोणाच्या दुकानात कॅमेऱ्याची चित्रे साठवण्यासाठी संगणक चोवीस तास चालत असेल, तर महिन्याचे तास होतात ७२०. मोठा खोका नुसता जागा राहिला तरी ५० युनिट खातो आणि लहान डबा सहाच्या आत राहतो. तिथे महिन्याला साधारण साडेचारशे रुपये वाचतात आणि डब्याची किंमत साडेतीन वर्षांच्या आत सुटते. मोठा की लहान, याआधी यंत्र किती तास चालायचे आहे हे विचारावे, ते यासाठी.

मग आपल्यासाठी लहान डब्याचा खरा फायदा कोणता? तो वीज असतानाचा नाही, वीज गेल्यावरचा आहे. आपल्या टेबलाखाली जो लहान यूपीएस आहे, त्यात १२ व्होल्टची ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. कागदावर ती ८४ वॅट-तासांची. प्रत्यक्षात सगळी वीज हाती येत नाही. निम्मी मिळते असे धरा. मोठा खोका आणि पडदा मिळून १०० वॅट लागतात, म्हणजे पंचवीस मिनिटांत खेळ आटोपला. लहान डबा आणि पडदा मिळून ३२ वॅट. त्याच बॅटरीवर सव्वा तास काम चालते. हप्ता भरून पावती घेऊन चाळीस जणी आपापल्या कामाला जाऊ शकतात. पंधरा दिवसांत दोनदा वीज गेली आणि दोन्ही वेळा मी पावत्या थांबवल्या नाहीत. विजेच्या बिलात ज्याची किंमत दिसत नाही, असा हा लाभ आहे आणि माझ्या मते तोच मोठा आहे.

आता दुसरी बाजू. ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ असे आपण कौतुकाने म्हणतो. पण लहान मूर्तीला काही गोष्टी सोडाव्याच लागतात. त्या तीन आहेत. एक उष्णता, दुसरी दुरुस्ती आणि तिसरी ताकद.

उष्णतेचे आपल्या सोलापुरात वेगळे सांगायला नको. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर असतो. संगणकातली चिप खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. तिची गरमी खोलीच्या गरमीवर चढते. मोठ्या खोक्यात मोठा पंखा सावकाश फिरतो आणि आत हवा खेळायला जागा असते. लहान डब्यात पंखा इवलासा, त्याला तेवढीच हवा ढकलायला फार वेगाने फिरावे लागते, आणि तो डासासारखा गुणगुणत राहतो. शिवाय आपल्या मंडळात शिवणवर्ग चालतो, आणि गल्लीत यंत्रमाग आहेत. सुताची बारीक कस हवेत असतेच. ती पंख्यात आणि जाळीत जाऊन बसते. मग गरमी बाहेर पडत नाही, आणि चिप स्वतःला जपण्यासाठी आपली चाल मंद करते. यंत्र बिघडलेले नसते, ते दमलेले असते. आपण मात्र ‘संगणक हळू झाला’ म्हणून दुकानदाराकडे धाव घेतो.

काही डबे बिनपंख्याचे असतात. धातूचे अंग हेच त्यांचे गरमी टाकण्याचे साधन. आवाज नाही, कस ओढली जात नाही, शिवणवर्गाच्या खोलीला असा डबा चांगला. पण त्याच्या चहूबाजूंनी मोकळी हवा पाहिजे. तो कपाटात कोंडायचा नाही, फायलींखाली दडपायचा नाही. आणि भगिनींनो, एक विनंती हात जोडून करते. दूरदर्शन संचावर घालतो तसा विणलेला रुमाल त्याच्यावर घालायचा नाही! रुमाल कितीही सुबक असला तरी डब्याच्या दृष्टीने ते मे महिन्यातले रजईचे पांघरूण आहे. पंख्याचा डबा असेल तर दर तीन महिन्यांनी प्लग काढून, मऊ कुंचल्याने जाळी झाडावी. गिरणीवाला जाते टाकवतो, तशी ही यंत्राची देखभाल.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. मोठ्या खोक्याचे सुटे भाग ठरल्या मापाचे असतात. त्याचा वीजपुरवठ्याचा डबा जळाला तर कोणत्याही दुकानात दुसरा मिळतो आणि अर्ध्या दिवसात यंत्र चालू होते. लहान डब्यात प्रत्येक कंपनीची मुख्य पाटी निराळ्या आकाराची. ती गेली की बहुधा सबंध डबाच गेला. एक गोष्ट मात्र लहान डब्याची बरी. त्याचा अडॅप्टर बाहेर असतो आणि बदलता येतो. तो बदलताना व्होल्ट पाहावेत. काही डबे १२ व्होल्टवर चालतात, काही १९ व्होल्टवर. पिन बसली म्हणून कोणताही अडॅप्टर खुपसायचा नाही, जास्त व्होल्टचा लागला तर डबा जळतो. अडॅप्टरवर डब्याचे नाव चिठ्ठीवर लिहून चिकटवून ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

याच पोटात वाढीचा प्रश्न येतो. संगणकाची रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. एका वेळी किती पातेली मांडून काम करता येईल, ते त्यावर ठरते. साठवण म्हणजे फडताळ. मोठ्या खोक्यात ओटा वाढवता येतो आणि फडताळही. पुष्कळ लहान डब्यांत रॅम पाटीला कायमची जोडून टाकलेली असते. जेवढी घेतली तेवढीच जन्मभर. आमच्या पेठेतल्या एका शेजारणीने मुलाच्या अभ्यासासाठी स्वस्तातला डबा घेतला. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण. विंडोज ११ ला कमीत कमी तेवढेच लागते, म्हणून डब्यावर ‘चालेल’ असे लिहिलेले होते ते खोटे नव्हे. पण प्रणालीच्या सुधारणा येत गेल्या आणि सात-आठ महिन्यांत फडताळ भरून गेले. पुढची सुधारणा उतरवून घ्यायलाही जागा उरली नाही. वाढवून द्या म्हणून गेली, तर दुकानदार म्हणाला, ‘ताई, हे उघडून उपयोग नाही.’ गरिबाघरचा पैसा असा अडकतो. कमीत कमी लागणारे आणि पुरेसे असणारे यांत अंतर असते. भाताला लागणारे पातेले आपण कधी तांदळाच्या मापाचे घेतो का? भात फुगणार हे आपल्याला ठाऊक असते.

तिसरी गोष्ट ताकदीची. इथे आधी काम मोजावे. हिशेबाचे तक्ते, मराठीतली पत्रे आणि नोटिसा, सरकारी योजनांचे अर्ज, पावत्या छापणे, पडद्यावर समोरासमोर बोलण्याची सभा, मुलींना शिकवणीच्या चित्रफिती दाखवणे, एवढी आपली कामे. एन-१०० सारख्या प्रोसेसरला ती झेपतात. पंधरा दिवसांत मला कुठे अडले नाही. एकाच वेळी पंचवीस पाने उघडी ठेवली, तेव्हा जरा धाप लागली, इतकेच. पण लग्नाच्या चित्रफिती कापून जोडण्याचे, मोठ्या चित्रपटलांचे किंवा हलत्या खेळांचे काम असेल, तर लहान डबा घेऊ नये. कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओत मोठा खोका आहे तो हौसेने ठेवलेला नाही. त्यांचा संगणक अर्धा तास कमी घेतो, तो अर्धा तास त्यांची मजुरी आहे. दिवसभर पूर्ण ताकदीने राबणाऱ्याला मोठा पंखा आणि मोठे अंगच लागते.

आपल्या काही कॉलेजात जाणाऱ्या मुलींनी रास्पबेरी पाय या यंत्राचे नाव सुचवले. त्याविषयीही सांगते. हे मूळचे इंग्लंडातल्या केंब्रिजचे. मुलांनी संगणक आतून शिकावा, या हेतूने २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ते बाजारात आले. पहिल्या यंत्राची किंमत ३५ डॉलर, पण ती उघड्या पाटीची. अडॅप्टर, मेमरी कार्ड, पेटी, कळफलक, पडदा सगळे वरून. २०१९ पासून ते बरेच दमदार झाले, आणि २०२३ च्या पाचव्या पिढीला तर २७ वॅटचा अडॅप्टर घ्या असे बनवणारेच सांगतात. मुलींना शिकायला ते उत्तम, आणि अशी एखादी पाटी वर्गासाठी जरूर घ्यावी. हिशेबाच्या टेबलावर मात्र मी ते ठेवणार नाही. त्याच्यावर नेहमीच्या विंडोजच्या वस्तू चालत नाहीत, आपला पावत्यांचा प्रिंटर त्याला ओळखेल की नाही ते आधी पाहावे लागते, आणि साठवण मेमरी कार्डावर असली तर लिहिता लिहिता वीज गेल्यास कार्डातला मजकूर बिघडण्याची भीती असते. उन्हाळ्यात चिप ८० अंशांपर्यंत तापली की तेही चाल कमी करते.

‘मग लॅपटॉपच का नको?’ असे शेजारच्या वहिनींनी विचारले. प्रश्न रास्त आहे. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, वीज गेली तरी चालतो. परंतु आपल्याकडे चार जणी आळीपाळीने बसतात. कळफलकावर चहा सांडला तर मेजावरच्या संगणकाचा काही शे रुपयांचा कळफलक बदलतो, लॅपटॉपची मात्र दवाखान्यात रवानगी. शिवाय मान खाली घालून तासन्‌तास बसणे आपल्या वयाला मानवत नाही. चोरीची भीती तर दोघांनाही आहे. लहान डबा पिशवीत मावतो, म्हणून तो पडद्याच्या पाठीला स्क्रूने पक्का बांधावा.

आता माझी सूचना सांगते. लहान डबा आणि मोठा खोका यांच्यामध्ये एक तिसरी वाट आहे. मोठमोठ्या कचेऱ्यांत लेनोव्हो, डेल, एचपी या कंपन्यांचे एक लिटरच्या आसपास आकारमानाचे लहान संगणक वापरले जातात. साधारण १८ सेंटिमीटरचा चौरस आणि साडेतीन सेंटिमीटर जाडी. कचेऱ्या ते काही वर्षांनी बदलतात आणि तपासून, साफ करून ते पुन्हा विकायला येतात. त्यांतल्या पुष्कळांत ३५ वॅट मर्यादेचा प्रोसेसर असतो. पूर्ण कामात तो एन-१०० पेक्षा जास्त वीज घेईल हे खरे, आणि त्याला पंखाही आहे. पण ते उघडता येतात, रॅम बदलता येते, एसएसडी बदलता येते, आणि ताकद अधिक. इंटेलच्या आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा पाहून घेतला तर विंडोज ११ चालते. वापरलेला माल आहे, म्हणून लेखी हमी घेतल्यावाचून पैसे मोजायचे नाहीत.

नवा डबा घ्या किंवा असा वापरलेला, दुकानात पाच प्रश्न विचारायचे. रॅम ८ जीबी तरी आहे का आणि ती सुटी आहे की जोडलेली? साठवण २५६ जीबीची एसएसडी आहे का आणि ती बदलता येते का? अडॅप्टर किती व्होल्टचा, आणि सुटा मिळतो का? पंखा साफ करायला डबा कसा उघडतो, ते आत्ता समोर उघडून दाखवा. आणि बिघडला तर तो इथेच दुरुस्त होईल की पुण्याला पाठवाल? चौथ्या प्रश्नाला जो दुकानदार कां-कूं करील, त्याच्याकडून घेऊ नये. आणि हे प्रश्न आपण स्वतः जाऊन विचारायचे. मी चौकशीला गेले तेव्हा दुकानदार माझ्या प्रश्नांची उत्तरे बरोबर आलेल्या आमच्या यजमानांना देत होता. ते बिचारे म्हणाले, ‘अहो, मला काय सांगता? चालवणार या आहेत.’ तेव्हा कुठे त्याची मान माझ्याकडे वळली.

जुना खोका टाकून द्यायचा नाही. त्याच्यावर लिनक्स ही मोफत प्रणाली घालून तो मुलींच्या टंकलेखनाच्या वर्गाला द्यावा. त्यातला बचत गटाचा मजकूर आधी पुसून टाकावा. त्याची महिन्याची जास्तीची वीज शंभर रुपयांच्या आत आहे. चालते यंत्र भंगारात घालून नवे घेणे त्याहून महाग पडते. तो अगदीच निकामी होईल तेव्हा भंगारवाल्याला न देता ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे पाठवावा.

यंत्र कोणतेही आले तरी बचत गटाची वही हाताने लिहिणे मी बंद करणार नाही. दर शनिवारी हिशेबाची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून अक्कांच्या कपाटात ठेवावी, असा ठराव त्याच सभेत करावा, ही माझी विनंती आहे. डबा लहान असो की मोठा, आतला हिशेब विड्या वळणाऱ्या हातांचा आहे. तो एका यंत्राच्या भरवशावर सोडता येत नाही.

तेव्हा माझे मत थोडक्यात असे. आपण लहान यंत्रच घ्यावे. वीज गेली तरी आपले काम थांबू नये, हे त्याचे कारण. बिल कमी येईल ते वर. घ्यायचे ते उघडता येईल असे आणि गरजेपेक्षा ओंजळभर मोठे घ्यावे. कोणाला याहून निराळे वाटत असेल, तर तिने सभेत उठून जरूर बोलावे. मी केलेल्या मोजणीचा कागद कार्यालयात ठेवला आहे, आणि ते मीटरही आठ दिवस तिथेच आहे. कोणीही येऊन स्वतः मोजून पाहावे. आपल्या घरातला फ्रिज आणि मिक्सर मोजून पाहायलाही त्याची हरकत नाही, फक्त ते परत आणून द्यावे.

 सभेची तारीख फळ्यावर लागेल. त्या दिवशी सर्वांनी यावे, हप्ता भरणाऱ्या भगिनींनाही बोलावून आणावे, आणि मगच हात वर करावा, एवढे सांगून आपली रजा घेते.